एकदा मशीन फास्ट होऊ द्या

भाऊंना अल्बमचं विचारलं तर ते चिडत नाहीत, टाळत नाहीत आणि खोटं तर मुळीच बोलत नाहीत. हातातला पेचकस टेबलावर ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि सांगतात, "अल्बमचं काय घेऊन बसले, ते दोन घंट्याचं काम हाय. सध्या मशीन फास्ट करून रायलो. एकदा मशीन फास्ट होऊ द्या, मंग पाहा."

दारव्ह्यातल्या कितीतरी घरांनी हे ऐकलं आहे. नवरीकडच्यांनी ऐकलं, नवरदेवाकडच्यांनी ऐकलं. एका घरचे लोक अल्बम न्यायला आले ते जावळाचं आमंत्रण घेऊनच आले, आणि जावळाचे फोटोही भाऊंनीच काढावेत असा आग्रह करून गेले. कारण भाऊ फोटो सुरेख काढतात, याबद्दल गावात दुमत नाही. अक्षता पडतात तो नेमका क्षण, पाठवणीच्या वेळी बापाने हळूच खिशातून काढलेला रुमाल, पंगतीत "नको नको" म्हणत बुंदी वाढून घेणारे मामा, भाऊंच्या कॅमेऱ्यातून काही सुटत नाही. सुटत नाही आणि बाहेरही येत नाही.

हा माणूस एकटा नाही. यवतमाळ जिल्ह्यात दिग्रस, आर्णी, घाटंजी, वणी, कुठेही जा, बाजारातल्या छोट्या गाळ्यात पासपोर्ट फोटो निघतात आणि लग्नाच्या अल्बमचं काम रात्री जेवणं आटोपल्यावर घरच्या कॉम्प्युटरवर चालतं. तो कॉम्प्युटर स्लो असतो. बहुतेक जण त्याला शिव्या घालत घालत काम उरकतात. एखादाच असा निघतो की जो काम बाजूला ठेवून त्या स्लोपणाच्याच मागे लागतो, आणि मग त्याचं आयुष्य त्यातच जातं. पुण्या-मुंबईतही असे लोक असतील, पण तिथे त्यांच्या हाती कुणी लग्न सोपवत नाही.

रोलच्या जमान्यात भाऊ वेळेचे पक्के होते, हे आज सांगून कुणाला पटत नाही. एका रोलमध्ये ३६ फोटो. लग्न लागलं की रोल पाकिटात घालायचे, पाकीट एसटीने यवतमाळच्या कलर लॅबला धाडायचं, फोटो आले की चिकटवायच्या अल्बमात लावून द्यायचे. फास्ट करण्यासारखं भाऊंच्या हातात काही नव्हतंच, म्हणून सगळं वेळेवर व्हायचं. मग डिजिटल कॅमेरा आला. एकेका लग्नाचे तीन-चार हजार फोटो निघायला लागले, पानं कॉम्प्युटरवर रचून छापायच्या करिझ्मा अल्बमची टूम आली, आणि त्यापायी नागपूरहून असेंबल केलेला कॉम्प्युटर घरात आला. बैठकीच्या खोलीत गोदरेजच्या कपाटाशेजारी त्याची स्थापना झाली. सुरुवातीला त्याच्यावर वहिनींनी विणलेलं क्रोशाचं कव्हर होतं. नंतर सीपीयूचा एका बाजूचा पत्रा जो निघाला तो परत बसला नाही. सध्या त्या पत्र्यावर पापड वाळतात.

या मशीनचं नाव वहिनींनी शकुंतला ठेवलं आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं की शकुंतला म्हणजे मुर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला येणारी नॅरोगेज गाडी. अंतर ११३ किलोमीटर. लाइन मुळात किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं, त्यानंतर डिझेलचं आलं. चालत्या गाडीतून उतरून शेतात जाऊन परत त्याच गाडीत चढलो, असं सांगणारे म्हातारे अजून आहेत, आणि ते सगळेच थापा मारतात असं म्हणवत नाही. आता ती गाडी बंद आहे. "एक शकुंतला बंद पडली, दुसरी आमच्या घरात सुरू हाय," असं वहिनी चहाचा कप पुढे करताना सांगतात. भाऊ ऐकून घेतात. मशीनबद्दल कुणी काही बोललं तर त्यांना राग येत नाही, उलट आजाऱ्याची चौकशी केल्यासारखं वाटतं.

भाऊंची सकाळ मशीनला नमस्कार करून सुरू होते. नमस्कार उजव्या हाताने, आणि लगेच सीपीयूचं बटण पायाच्या अंगठ्याने. पडदा उजळला की रिफ्रेश. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर माउसचं उजवं बटण, रिफ्रेश. पुन्हा उजवं बटण, रिफ्रेश. दहा-बारा वेळा झालं की आयकॉन डोळे मिचकावतात आणि भाऊंना मोकळं वाटतं. त्या रिफ्रेशचा अर्थ एवढाच की डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा एकदा काढून दाखव. त्याने मेमरी रिकामी होत नाही, प्रोसेसर ताजातवाना होत नाही, काही म्हणजे काही होत नाही. हे मी त्यांना एकदा नीट समजावून सांगितलं. भाऊंनी सगळं ऐकलं, "बरोबर हाय तुमचं," म्हणाले, आणि बोलता बोलता चार वेळा रिफ्रेश केलं.

मग विंडोजची कळ आणि आर. एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात पहिल्यांदा 'टेम्प', मग 'प्रीफेच', मग 'ट्री'. टेम्पमधला कचरा काढणं वाईट नाही, निदान डिस्कवर जागा तरी होते. प्रीफेचमध्ये मात्र विंडोजने कोणता प्रोग्रॅम उघडताना काय काय लागतं याच्या नोंदी ठेवलेल्या असतात. त्या रोज पुसल्या की प्रोग्रॅम उघडायला थोडा जास्तच वेळ लागतो, आणि तो लागला की भाऊ त्या दुसऱ्या दिवशी आणखी मन लावून पुसतात. 'ट्री' ही तर कमाल आहे. काळ्या पडद्यावर फोल्डरांची नावं सरसर वर सरकत जातात. ती नुसती यादी आहे, दुसरं काही नाही. पण त्या मशीनवर सरसर धावणारी तेवढी एकच गोष्ट असल्यामुळे भाऊ ती शेवटपर्यंत बघतात.

एवढं उरकलं की फोटोशॉपच्या आयकॉनवर डबल क्लिक. क्लिक करून भाऊ आंघोळीला जातात.

फोटोशॉपं त्यांच्याकडे तीन आहेत. एक ७.०, जे २००२ साली आलं आणि आमच्याकडच्या स्टुडिओंमध्ये अजूनही नांदतं. एक सीएस३, एक सीएस६. ती कुठून आली हे विचारायचं नाही. एक सीडी आली, ती अख्ख्या तालुक्यात फिरली, एवढंच इतिहासाला ठाऊक आहे. २०१३ साली कंपनीने नव्या आवृत्त्या महिन्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, त्या घटनेचा दारव्ह्यावर काही परिणाम झाला नाही. तिन्ही का ठेवली, तर एखादं स्लो झालं तर दुसरं असावं. तिन्ही एकाच मशीनवर आहेत हे लक्षात आणून दिलं तर भाऊ म्हणतात, "तेच तं म्हणून रायलो मी, दोष मशीनचा हाय, फोटोशॉपचा नाही."

रविवारी रॅमला खोडरबर. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा, फुंकर मारायची, परत बसवायची. दातांवर मळ चढून मशीन सुरूच होत नसेल, नुसती टूं टूं वाजत असेल, तर हा इलाज लागू पडतो. सुरू असलेली मशीन त्याने फास्ट होत नाही. खोडरबर मुलीच्या कंपासपेटीतला. दहावीच्या भूमितीच्या पेपरला ती खोडरबराशिवाय बसली, चुकलेली आकृती खोडता येईना म्हणून तशीच ठेवून बाजूला दुसरी काढली. घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता. तो भाऊंच्या लक्षात आला नाही, कारण त्या दोन दिवसांत मशीनमधून खर्र खर्र असा आवाज येत होता.

त्या आवाजाचं निदान हार्ड डिस्क जाणार असं झालं. गावातले जाणकार बोलावले गेले. शाळेतले एक सर आले, त्यांनी सीपीयूला कान लावला आणि मान हलवली. एमएस-सीआयटी झालेला एक मुलगा आला, त्याने पहिल्यांदा रिफ्रेश केलं. शेवटी बॅटरी मारून पाहिलं तर प्रोसेसरच्या पंख्यात आपट्याचं पान अडकलेलं. दसऱ्याला कॅमेऱ्याबरोबर सीपीयूचीही पूजा होते, हळद-कुंकू लागतं, झेंडू वाहतात, आणि बाजूला पत्रा नसल्यामुळे सोनं थेट आत गेलं होतं. पान काढलं, आवाज गेला. "पाहा, फास्ट झाली का नाही?" भाऊ म्हणाले. आणि खरं सांगायचं तर थोडी झालीही होती. पंखा नीट फिरला नाही की प्रोसेसर तापतो, आणि तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. भाऊंच्या सगळ्या इलाजांमध्ये लागू पडलेला हा पहिला, आणि तोही चुकून.

पण यातून त्यांनी धडा असा घेतला की थंडावा हवा. यवतमाळचा मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास. घरात कूलर एकच. त्याचं तोंड सीपीयूकडे वळलं. घरातली माणसं भिंतीला पाठ टेकून वर्तमानपत्राने वारा घेतात, आणि शकुंतला वाळ्याच्या गार हवेत बसलेली. "मशीनले कूलर, अन् मले पेपर," वहिनी म्हणतात. कूलरची हवा ओली असते, तिच्याबरोबर धूळही जाते, आणि उघड्या मशीनला दोन्ही वाईट. हे भाऊंना ठाऊक आहे. त्यावर इलाज म्हणून ते रविवारी खोडरबर फिरवतात.

भाऊंच्या आयुष्यातली मोठी गोष्ट म्हणजे ४ जीबी रॅम. एका शेतकऱ्याने कापूस विकून मुलीच्या लग्नाचा ॲडव्हान्स दिला, त्यातून भाऊंनी यवतमाळला जाऊन ४ जीबीची पट्टी आणली. आधीची ४, आता ८. त्या दिवशी घरात सणासारखं वातावरण होतं. शेजारचे आले, सर आले, मुलगी मनात नसताना आली. भाऊंनी पट्टी बसवली, अंगठ्याने बटण दाबलं, कॉम्प्युटरची माहिती दाखवणारी खिडकी उघडली. तिच्यात ८ जीबी असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढे कंसात, वापरण्याजोगी ३.२४ जीबी.

बराच वेळ कुणी बोललं नाही.

"म्हणजे पैसे आठचे, अन् वापर सव्वातीनचा?" वहिनींनी विचारलं.

"तसं नसते ते," भाऊ म्हणाले.

"मंग कसं असते?"

"बाकीची आराम करते."

कारण अगदी साधं होतं. भाऊंची विंडोज ३२ बिटची. घरच्या ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या पलीकडची मेमरी दिसतच नाही, आणि त्या चारमधलाही काही भाग ग्राफिक्स वगैरेसाठी राखून ठेवलेला असतो. ६४ बिटची विंडोज टाकली असती तर तीच पट्टी त्याच दिवशी कामाला लागली असती. पण विंडोज बदलायची म्हणजे सगळं पुन्हा भरायचं, आणि सगळ्यात आधी फाँट.

फाँटचं थोडं सांगतो. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोडमधली मराठी धड उमटत नाही. 'चि.'ची वेलांटी पुढे पळते, 'दारव्हा'चा जोडाक्षरातच पाय मोडतो. म्हणून स्टुडिओवाले कृतीदेव, श्रीलिपी असले जुने फाँट ठेवतात, आणि नक्षीदार इंग्रजी फाँट तर कुणी पेन ड्राइव्हवर दिला की नाही म्हणायचं नसतं. भाऊंच्या मशीनवर ते हजारांनी आहेत. फोटोशॉप उघडताना ती सगळी यादी चाळतं. भाऊंच्या आंघोळीचा निम्मा वेळ त्या यादीतच जातो. प्रत्यक्ष अल्बमवर ते दोनच फाँट वापरतात.

आता मशीन खरोखर अडते कुठे, ते पाहू. करिझ्मा अल्बमचं एक शीट १२ बाय ३६ इंचांचं. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके. म्हणजे ३,६०० गुणिले १०,८००, जवळजवळ ३ कोटी ८९ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा मिळून तीन बाइट. शीटभर पसरलेला एक थर सुमारे ११७ एमबीचा झाला. भाऊंच्या शीटवर मागे ताजमहाल, त्याच्यापुढे धबधबा, धबधब्यात दोन राजहंस, वरून गुलाबाच्या पाकळ्या, कोपऱ्यातून उजेडाची तिरीप, नवरी ढगात आणि नवरदेव चंद्रात. शिवाय दोन्हीकडचे आजी-आजोबा एका मोठ्या हृदयात. त्यात प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून आला तसाच्या तसा आणून टाकायचा. २४ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर दहा-बारा एमबीचा दिसतो, पण तो दाबून बसवलेला असतो. उघडला की ७२ एमबी. असे आठ-दहा आले की सव्वातीन जीबीचा जीव कितीसा!

मेमरी संपली की फोटोशॉप उरलेलं डिस्कवर लिहायला लागतं. त्या जागेला स्क्रॅच डिस्क म्हणतात. फिरत्या हार्ड डिस्कवरचं हे लिहिणं-वाचणं रॅमच्या मानाने फारच हळू. मग पडदा पांढुरका होतो, वर 'नॉट रिस्पाँडिंग' येतं, आणि भाऊ पेचकस शोधायला उठतात. स्क्रॅच डिस्क वेगळ्या डिस्कवर ठेवावी हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी ती सी ड्राइव्हवरून उचलून डी ड्राइव्हवर ठेवली. पण सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशन. भावाभावांत वाटणी होऊन घरं दोन झाली तरी विहीर एकच, तसला प्रकार. दोघांचं पाणी त्याच दोरीने वर यायचं.

त्यात हिस्ट्री. केलेलं काम किती पावलं मागे नेता यावं, याचा तो आकडा. फोटोशॉपमध्ये तो मुळात २० असायचा. प्रत्येक पावलाची आठवण ठेवायला जागा लागते. भाऊंनी तिथे १,००० टाकून ठेवले आहेत. "मागं जाता आलं पायजे ना," ते म्हणतात. पुढे कधी जाणार, हे विचारायची कुणाची हिंमत होत नाही.

यावरचा उपाय अगदी नीरस आहे. हिस्ट्री २० वर आणायची. फोटो शीटवर घेण्याआधी जेवढा लागणार तेवढाच लहान करून घ्यायचा. ताजमहाल आणि धबधबा एकदा पटले की ते थर एकत्र करून टाकायचे. मेमरीतला फोटोशॉपचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवायचा आणि त्या वेळी गाणी, ब्राउझर, पत्त्यांचा खेळ बंद ठेवायचा. नको ते फाँट काढायचे. सगळं मिळून चहा होईपर्यंतचं काम, आणि मशीन बरीच मोकळी होते. हे सांगितलं की भाऊ तुमच्याकडे दयेने पाहतात. यात पेचकस कुठे आहे?

लाइट जाण्याबद्दल मात्र भाऊंना दोष देता येत नाही. शीट सेव्ह होत असताना लाइट जाते, हा आमच्याकडचा निसर्गनियम आहे. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी केव्हाच गेली. तो आता लाइट गेल्याचं ओरडून सांगतो आणि स्वतःही जातो. अशा वेळी फोटोशॉप बंद पडलं की त्याची स्क्रॅचची भलीमोठी फाइल डिस्कवर तशीच पडून राहते, एरवी ती बाहेर पडताना पुसून जाते. भाऊंचा डी ड्राइव्ह अशा बेवारस फाइलींनी काठोकाठ भरला होता. रोज सकाळी टेम्प झाडणाऱ्या माणसाने डी ड्राइव्ह कधी उघडूनच पाहिला नव्हता. 'स्क्रॅच डिस्क फुल' असा निरोप पडद्यावर यायचा, भाऊ तो वाचायचे, ओके दाबायचे आणि रॅम काढायचे.

हिंजवडीला नोकरी करणारा पुतण्या दिवाळीला आला. त्याने मशीनकडे एकदा पाहिलं आणि चप्पल काढायच्या आत निकाल दिला, "काका, एसएसडी टाका, अन् विंडोज ६४ बिटची टाका. बास."

भाऊंना ते अजिबात आवडलं नाही. एवढी वर्षं जोपासलेलं दुखणं, त्यावर दोन वाक्यांत औषध? आजार मोठा असला तर माणसाचीही काही इज्जत राहते. पुढची दोन वर्षं त्यांनी एसएसडी न टाकण्याची कारणं गोळा केली. ती लवकर जाते, तिच्यातला डेटा परत मिळत नाही, ती आपल्या हवेला चालत नाही. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, हा त्यांचा मुख्य आक्षेप. आवाज येत नाही तर काम चालू आहे हे कळणार कसं?

शेवटी जुनी हार्ड डिस्क खरोखरच गेली. सुदैवाने फोटो दुसरीकडे होते. कुठे, ते पुढे येईल. पुतण्याने पुण्याहून एसएसडी पाठवली, एमएस-सीआयटीवाल्या मुलाने ती बसवली, ६४ बिटची विंडोज टाकली आणि फाँट भरायचे मुद्दाम विसरला. आरामात असलेली रॅम कामाला लागली. भाऊंनी नमस्कार केला, अंगठ्याने बटण दाबलं, फोटोशॉपवर डबल क्लिक केलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघाले. ओट्यापर्यंत पोचले नाहीत तोच मुलीने हाक मारली, "बाबा, उघडलं."

भाऊ परत आले. टॉवेल खांद्यावर तसाच. समोर रिकामं फोटोशॉप उघडं होतं आणि ते कशाचीही वाट पाहत नव्हतं. भाऊंनी ते बंद केलं. पुन्हा उघडलं. पुन्हा बंद केलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी तेवढंच केलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून केलं. तिसऱ्या दिवशी मी अल्बमचं विचारलं.

"फास्ट हाय," भाऊ म्हणाले, "पण अजून फास्ट होऊ शकते. डीफ्रॅग करून रायलो."

डीफ्रॅग हा फिरत्या डिस्कचा इलाज. विखुरलेले तुकडे एका ओळीत लावले की तिच्या सुईची धावपळ वाचते. एसएसडीला सुई नसते, त्यामुळे फायदा शून्य, आणि उगाच लिहून लिहून तिची झीज मात्र होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी समाधान दिसत होतं.

एव्हाना त्यांची कीर्ती पसरली आहे. शेजारचा लॅपटॉप, सरांचा कॉम्प्युटर, मेहुण्याचा मोबाइल, जे जे स्लो असेल ते भाऊंकडे येतं. पैसे ते घेत नाहीत. पत्रा काढायला मिळाला की त्यांना पुरे होतं.

मग दारव्ह्यातल्या लोकांना अल्बम मिळतात तरी कसे? कारण शेवटी मिळतात. उशिरा मिळतात, पण सुंदर मिळतात, आणि त्यात ताजमहाल नसतो. ते असं आहे की नागपूर-अमरावतीकडे शीटमागे ठरावीक पैसे घेऊन डिझाइन करून देणारी पोरं आहेत. भाऊ मशीनमध्ये डोकं घालून बसले की वहिनी फोटो पेन ड्राइव्हवर उतरवतात, पाकिटात घालतात आणि एसटीने धाडून देतात. निवडही त्याच करतात, कोणत्या मावशीला वगळून चालणार नाही हे त्यांना भाऊंपेक्षा चांगलं कळतं. अल्बम छापून आला की तो भाऊंच्या टेबलावर ठेवतात. भाऊ तो चाळतात, एखाद्या पानावर थांबतात आणि म्हणतात, "पाहा, मशीन फास्ट झाल्यावर काम कसं साफ येते."

तेव्हा घरात लग्न निघालं असेल तर फोटोला भाऊंनाच सांगा, तालुक्यात त्यांच्यासारखा हात दुसरा नाही. फक्त वरात परतायच्या आधी मेमरी कार्डातले फोटो आपल्याही पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, आणि अल्बमचा ॲडव्हान्स द्यायचा तो वहिनींच्या हातात द्या.